मत ग्राहकाचे, राख कोणाची?

होटगी जंक्शनवर गाडीची वाट पाहणे हा आमच्या भागातील लोकांचा जुना उद्योग आहे. इथून एक फाटा वाडीकडे जातो, दुसरा विजापूर-गदगकडे. मीटरगेजच्या काळात इथे गाडी बदलावी लागे. तेव्हा बाकावर बसून पाऊसपाणी, ज्वारीचा भाव आणि सोयरिकी यांवर मराठी, कन्नड, दखनी अशा तिन्ही भाषांत बोलणे चाले. आता त्याच बाकावर बोलणे असते ते मोबाइलचे आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे. कोणत्या फोनचा कॅमेरा चांगला, कोणाची बॅटरी दीड दिवस टिकते, इलेक्ट्रिक स्कूटर एका चार्जिंगमध्ये अक्कलकोटला जाऊन परत येईल का, यावर शाळा सोडलेला पोरगाही ठाम मत देतो.

या मतांना आम्ही हसत नाही. कष्टाचा पैसा मोजून देणाऱ्याला वस्तू पारखून घेण्याचा हक्क आहे. हा हक्क आपल्याकडे आपोआप आलेला नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली उभी राहिली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. दुकानदाराने फसवले तर दाद मागता येते, ही साधी गोष्ट मिळवायला एक पिढी खपली.

पण एके दिवशी त्या बाकावर एक वेगळाच प्रश्न आला. एक तरुण सांगत होता, “इलेक्ट्रिक गाडीला धूर नाही, प्रदूषण शून्य.” समोरून कोळशाची मालगाडी चालली होती. तिच्याकडे बोट दाखवून शेजारचे एक वयस्कर चाचा म्हणाले, “गाडी में धुआँ नै बोलते तुम, तो ये कोयला किसके वास्ते जा रा?”

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला.

तो कोळसा जात होता फताटेवाडीला. होटगीच्या लगतच एनटीपीसीचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण १३२० मेगावॅट. पहिला संच २०१७ साली आणि दुसरा २०१९ साली सुरू झाला. इथली वीज इथेच राहत नाही. तारांच्या जाळ्यात एकदा शिरली की ती कोणाच्या घरात दिवा लावते आणि कोणाची मोटार पळवते, हे कोणालाच सांगता येत नाही.

तरीही ढोबळ हिशेब मांडता येतो. सोलापूरहून होटगीला येऊन परत जायचे म्हणजे साधारण तीस किलोमीटर. विजेवरच्या मोटारीला त्यासाठी, वाटेतली गळती धरून, साडेचार युनिटच्या आसपास वीज लागेल. ती सगळी कोळशाची असेल तर जळतो सुमारे तीन किलो कोळसा. आपल्या देशी कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. म्हणजे एका फेरीमागे एक किलोभर राख. मोटार स्वच्छ राहते, रस्ता स्वच्छ राहतो. राख मात्र वीज केंद्रात तयार होते आणि ती कुठेतरी ठेवावीच लागते. तिचा काही भाग सिमेंटमध्ये जातो, विटांमध्ये जातो. पण मोटारीच्या गुणदोषांची चर्चा करताना तिचे नाव कोणी काढत नाही.

इथे एक धोका आहे, तो टाळला पाहिजे. हा हिशेब ऐकून काही जण लगेच म्हणतात, “मग पेट्रोलच बरे!” हे खरे नाही. मोटार तयार होण्यापासून भंगारात जाईपर्यंतचा हिशेब धरला, तर भारतातल्या कोळसाप्रधान विजेवरही इलेक्ट्रिक मोटारीचे हरितगृह वायू पेट्रोलच्या मोटारीपेक्षा १९ ते ३४ टक्क्यांनी कमी भरतात, असे आयसीसीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१ च्या अभ्यासात दिसले आहे. म्हणजे एकूण ओझे थोडे हलके होते. पण उरलेल्या ओझ्याची जागा बदलते. जे शहराच्या चौकात होते ते गावाच्या शिवारात येते. आमचा नैतिक प्रश्न नेमका इथे आहे. ओझे हलके झाले याचा आनंद मानताना, ते कोणाच्या डोक्यावर ठेवले हे विचारायचे की नाही?

ही गोष्ट फक्त राखेची नाही. मोबाइलच्या बॅटरीत कोबाल्ट असते, आणि जगातले निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगो या एका देशातून येते. तिथल्या खाणींत लहान मुले राबतात, हे अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ साली जगापुढे मांडले. कायद्याच्या भाषेत ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू घेणारा, किंवा त्याच्या संमतीने ती वापरणारा. काँगोतला तो पोरगा या व्याख्येत बसत नाही. राखेशेजारी राहणारा शेतमजूरही बसत नाही. वस्तूची किंमत त्यांनीही मोजलेली असते, पण तिची पावती त्यांना मिळत नाही. मग त्यांचे मत कोण नोंदवणार?

आम्हांला वाटते, हे काम ग्राहकाचेच आहे. शेजाऱ्याचा हक्क ही गोष्ट आपल्या घराघरांत लहानपणी शिकवली जाते. पूर्वी शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचे घर. आता खिशातल्या फोनने आपल्याला काँगोचा शेजारी केले आहे आणि विजेच्या तारेने मुंबई-पुण्याला होटगीचा शेजारी केले आहे. शेजार वाढला, तसा हक्काचा विचारही वाढायला नको का?

एकट्याच्या मताने काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे: आज अनेक इलेक्ट्रिक मोटारींत कोबाल्ट नसलेल्या, लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या असतात. कोबाल्टच्या भावाबरोबरच झालेली बदनामीही याला कारणीभूत आहे. लोक विचारू लागले की कारखान्यालाही ऐकावे लागते.

हे लिहिणारे आम्ही काही साधुपुरुष नाही. हा मजकूर मोबाइलवरच टिपून काढला आहे. त्याच्या काचेला चीर गेली आहे आणि घरातली मुले नव्या फोनसाठी मागे लागली आहेत. या वेळी आम्ही मुलांना एवढेच सांगितले की काच बदलून घेऊ, फोन आणखी दोन वर्षे चालेल. मुले रुसली. त्यांना कोबाल्टची गोष्ट सांगितली, तेव्हा धाकटी म्हणाली, “मग जुना फोन घेतला तेव्हा का नाही विचार केला?” उत्तर नव्हते. आम्ही विचारच केला नव्हता.

बाकावरच्या त्या तरुणाने पुढे इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. बरे केले. जमेल तेव्हा भर दुपारी चार्ज कर, तेव्हा तारेत उन्हाची वीज अधिक असते, रात्री कोळशाची, एवढे आम्ही त्याला सांगितले. आता कोणी स्कूटर कशी आहे म्हणून विचारले, की तो आधी किलोमीटर सांगतो आणि मग रुळांकडे बोट दाखवून चाचांचा प्रश्नही सांगतो. त्याचे मत आता पुरे झाले आहे, असे आम्हांला वाटते.