दुसऱ्याने केलेलं घर

राम कृष्ण हरी.

शनिवारचं चिंतन राहिलं, कारण होतो तिथे मोबाईलला रेंज नव्हती. कन्नडजवळ, गौताळा अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका शेतकरी काकांना विचारून त्यांच्या बांधाशी ओढ्याकाठी तंबू ठोकला होता. मी, सौ. आणि सात वर्षांचा चिरंजीव. दिवसा पितळखोरा लेणी पाहून आलो होतो.

पाठ चालू आहे भागवताच्या एकादश स्कंधाचा, नववा अध्याय. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतोय. बाण करणारा कारागीर झाला, आता साप. एकट्याने फिरावं, ठिकाणा ठेवू नये, सावध असावं, गुहेत राहावं, कमी बोलावं, हे म्हणे सापाकडून शिकलो. पुढचा श्लोक तर माझ्यासाठीच असल्यासारखा. नाशिवंत देहासाठी घर बांधायचा खटाटोप दुःखाचा आणि फुकटचा. साप दुसऱ्याने केलेल्या बिळात शिरतो आणि सुखात राहतो.

हा श्लोक मला फार आवडायचा. का, ते खरं सांगतो. फ्लॅट बुक करून चार वर्षं झाली, ताबा नाही. हप्ताही चालू, भाडंही चालू. बाकीचे फ्लॅटवाले मिळून महारेराकडे तक्रार करतायत, मला तीनदा विचारून झालं. मी हा श्लोक ऐकवतो. आईलाही फोनवर हाच. शेवटी सौ. म्हणाली, "अवधूताला पोराची शाळा बघायची नव्हती. तुम्हाला भांडायची भीती वाटते, एवढंच म्हणा ना."

तेच डोक्यात घेऊन लेण्याच्या पायऱ्या उतरलो. चुनखडीच्या डोंगरात पाणीच झिरपून झिरपून गुहा करतं, माणसाला हात लावावा लागत नाही. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा. इथली लेणी कुणीतरी छिन्नीने खोदलेली. पितळखोऱ्याचं काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालं. राहणारे भिक्खू, पावसाळ्यात एका जागी थांबणारे, जवळ काही न बाळगणारे. म्हणजे अगदी अवधूताचा साप! पण खर्च कुणी केला? चैत्यगृहाच्या खांबावर दात्याचं नाव कोरलंय: पैठणचा मितदेव, गंधी घराण्यातला, अत्तराचा व्यापारी. साप सुखात राहतो तो कुणीतरी बीळ केलेलं असतं म्हणून. इतक्या वेळा श्लोक वाचला, पण 'दुसऱ्याने केलेलं' या शब्दापाशी मी कधी थांबलोच नव्हतो.

आणि पैठणच म्हटलं तर नाथमहाराज. याच स्कंधावर त्यांनी एवढी मोठी टीका लिहिली, 1573 मध्ये काशीला पूर्ण केली. पण स्वतः प्रपंची. गिरिजाबाई, हरिपंडित, गावातला वाडा, दारात येणारी माणसं. साप त्यांनीही वाचला होता, घर मोडलं नाही. (यदूनेही राज्य सोडून जंगल गाठलं असं भागवत म्हणत नाही. त्याची आसक्ती सुटली, एवढंच म्हणतं.) हे वचन मुनीला आहे. त्याच्या आडून हप्ता भरणाऱ्या माणसाने जबाबदारी टाळायची, याला वैराग्य म्हणत नाहीत. आमच्याकडे त्याला कामचुकारपणा म्हणतात.

रात्री दोनला पाऊस आला. आमचा ऑनलाइन मागवलेला तंबू पंधरा मिनिटांत गळायला लागला. काका बॅटरी घेऊन आले, "लेकराला भिजवता का?" म्हणत शेडमध्ये घेऊन गेले. एका बाजूला शेळ्या, एका बाजूला कांद्याच्या गोण्या, एकच बाज. ती आम्हाला दिली आणि स्वतः गोण्यांवर आडवे झाले. पोराने हळूच विचारलं, "बाबा, हे कुणाचं घर?" मी म्हटलं, आजोबांचं. लगेच झोपला. मी मात्र पत्र्यावरचा पाऊस ऐकत जागा होतो.

रविवारी रात्री तक्रारीच्या कागदांवर सही केली. सौ.ने करारनाम्याची झेरॉक्स आधीच काढून ठेवली होती!

उद्याचा गुरू कोळी. तो जाळं स्वतःमधूनच काढतो आणि परत गिळतोही. त्यावर उद्या बोलू.

राम कृष्ण हरी.