मैल्याचे राजकारण

१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनच्या पार्लमेंटमध्ये बसणे कठीण झाले आणि वर्षानुवर्षे रखडलेला भुयारी गटारांचा प्रश्न काही आठवड्यांत कायदा होऊन सुटला. समाजसुधारक एडविन चॅडविक यांचा कामगारवस्त्यांतील अस्वच्छतेवरील अहवाल १८४२ मध्येच आला होता. १८५४ मध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी आणि कॉलरा यांचा संबंध दाखवून दिला होता. पुरावा होता, हजारोंचे मृत्यू होते. निर्णय मात्र घाण सत्ताधाऱ्यांच्या नाकाशी आल्यावर झाला. त्यांना तिच्यापासून पळता येत नव्हते, म्हणून तिजोरी उघडली. आज पळता येते. घरात शुद्धीकरण यंत्र, दारात टँकर, हातात पाण्याची बाटली असली की सार्वजनिक नळाची आणि गटाराची चिंता उरत नाही. तेव्हा दुर्गंधीने जे केले, ते आता जाणीवपूर्वक उभारलेल्या राजकीय दबावाला करावे लागते.

जागतिक पातळीवर हा दबाव फार हळू तयार झाला, आणि पाण्याच्या मानाने स्वच्छतेच्या बाबतीत तर फारच हळू. मार देल प्लाता येथे १९७७ मध्ये झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पाणी परिषदेनंतर १९८१ ते १९९० हे पेयजल आणि स्वच्छतेचे दशक ठरले. ते संपले तरी कोट्यवधी माणसे दोन्हींपासून वंचितच होती. २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांची सहस्रक विकास उद्दिष्टे ठरली, त्यांत पिण्याचे पाणी होते, शौचालय नव्हते. ते २००२ च्या जोहान्सबर्ग परिषदेत जोडले गेले. हा विसर योगायोगाने पडला नव्हता. रिकामे हंडे घेऊन बायका कचेरीवर धडकतात, नळ आला की उद्घाटन होते, मते मिळतात. शौचालयासाठी मोर्चा निघत नाही. मुंबईतली ‘राइट टू पी’ चळवळ हा सन्माननीय अपवाद. लाज आणि आपल्याकडे जातही या विषयाला गप्प बसवते. फळ तसेच मिळाले: पाण्याचे उद्दिष्ट मुदतीआधी गाठल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले, स्वच्छतेचे २०१५ मध्ये हुकले.

आधी उत्पन्न वाढू द्या, शौचालये आपोआप येतील, असे यावर म्हटले जाते. बांगलादेशाने हा युक्तिवाद खोटा ठरवला. दरडोई उत्पन्न भारतापेक्षा कमी असताना तिथले उघड्यावर शौचाला बसण्याचे प्रमाण १९९० मधील सुमारे ३४ टक्क्यांवरून २०१५ पर्यंत १ टक्क्यावर आले; भारतात तेव्हाही ते चाळीस टक्क्यांच्या वर होते. फरक होता तो गावपातळीवर चाललेल्या सततच्या कामाचा. महाराष्ट्रानेही ही वाट थोडी चालून पाहिली आहे. २००० मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावांत चुरस लावली आणि स्वच्छता हा सरपंचाच्या प्रतिष्ठेचा विषय झाला. पुढे केंद्राच्या निर्मल ग्राम पुरस्काराला त्यातूनच प्रेरणा मिळाली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे येथील मोठ्या चाचण्यांत साधी शौचालये, हात धुण्याची सोय आणि पाण्याचे शुद्धीकरण देऊनही मुलांची वाढ सुधारली नाही. मग खर्च कशाला? या निष्कर्षांकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण त्यांतून निघतो तो अर्थ स्वस्तातल्या अर्धवट उपायांच्या मर्यादेचा आहे. एका घराच्या खड्ड्याने सगळ्या वस्तीची माती स्वच्छ होत नाही. लंडनलाही सुटे खड्डे नव्हे, संपूर्ण शहराची गटारे बांधावी लागली. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांनीही याच दिशेने मोजमाप बदलले. शौचालय बांधले का, एवढ्यावर न थांबता मैल्यावर सुरक्षित प्रक्रिया होते का, हे मोजले जाऊ लागले. त्या मापाने २०२२ मध्ये जगातले सुमारे ३५० कोटी लोक वंचित होते.

२०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला. विरोधात एकही मत नव्हते, ४१ देश तटस्थ राहिले. ठरावाने पाइप टाकला जात नाही हे खरे, पण हक्क म्हटला की जाब मागता येतो. तो मागायची जागा न्यूयॉर्क नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला नळाइतक्याच आग्रहाने विचारा: आमच्या वस्तीतला मैला कुठे जातो, आणि हाताने मैला साफ करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी असताना मैल्याच्या टाकीत अजून माणूस का उतरतो?