मेनफ्रेमची पाठशुद्धी

मेनफ्रेमवरची खातेदारांची फाइल युनिक्स सर्व्हरवर आणली आणि एकही नोंद गळली नाही, तरी यादीचा क्रम बदलू शकतो. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० बरोबर आणलेल्या एब्सिडिक संकेतावलीत इंग्रजी अक्षरे आधी येतात आणि अंक नंतर; युनिक्सवरच्या आस्की संकेतावलीत अंक आधी. शिवाय एब्सिडिकमध्ये ‘आय’ला लागून ‘जे’ येत नाही, ‘आर’ला लागून ‘एस’ येत नाही. पंच-कार्डावर अक्षरांचे जे गट पाडलेले होते, त्यांच्या सांध्यांतल्या या फटी. कार्डे केव्हाच रद्दीत गेली, फटी तेवढ्या राहिल्या.

क्रम बदलला तर बिघडले काय? रात्रीच्या बॅचमधला कोबोल भाषेतला प्रोग्रॅम मुख्य फाइल आणि दिवसभराच्या व्यवहारांची फाइल शेजारी शेजारी ठेवून अक्षरे-अंक मिसळलेले खाते क्रमांक जुळवत पुढे सरकतो. दोन्ही एकाच क्रमाने लावलेल्या आहेत, एवढ्याच भरवशावर. हव्या क्रमांकापेक्षा मोठा क्रमांक दिसला, की हवे ते खाते नाहीच असे तो धरून चालतो. एक फाइल जुन्या क्रमाने आली आणि दुसरी नव्या, की धडधाकट खाती ‘सापडत नाहीत’. हा भरवसा सहसा कुठल्याही कागदावर नोंदलेला नसतो. नोंदायची वेळच आलेली नसते.

रकमांची गत आणखी नाजूक. पॅक्ड डेसिमलमध्ये एका बाइटात दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात अधिक-उण्याची खूण असते. सगळी फाइल सरसकट आस्कीत रूपांतरित केली, तर नावे-पत्ते सुखरूप पोहोचतात आणि रकमा नासतात. त्या वाचवून कुणी फ्लोटिंग पॉइंटमध्ये ठेवल्या, तर रुपयाचा दहावा भागसुद्धा द्विमान पद्धतीत नेमका मावत नाही. त्यात कोबोलची एक खोड: ‘राउंडेड’ असे स्पष्ट लिहिले नसेल तर पैशाखालचा अंश तो सरळ कापून टाकतो. वर्षानुवर्षे व्याज असेच कापून दिलेले असेल, तर नवा प्रोग्रॅम गणिताला धरून असूनही जुन्या वहीशी जुळत नाही. मग चूक कोणाची म्हणायची?

इथे मला एकनाथ आठवतात. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलनवीसांच्या हातून तीन शतकांत शिरलेले पाठ निवडायचे, तर मूळ कोणते आणि भर कोणती याचा निवाडा ओळीओळीला करावा लागतो. मेनफ्रेम रिकामी करणाऱ्याचे काम याच जातीचे आहे. मात्र त्याच्यापुढचा पेच थोडा विचित्र: त्याच्या पोथीत नकलनवीसाची चूकसुद्धा कधीकधी ग्राहकाशी झालेला करार बनलेली असते. म्हणून ‘सगळे नव्याने लिहून काढू’ म्हणणाऱ्यांपेक्षा, कोबोल आहे तसा नव्या सर्व्हरवर चालवून मग सावकाश वाचत बसणाऱ्यांवर माझा अधिक विश्वास आहे. तसे करणे फारसे दिमाखदार दिसत नाही, हे कबूल.

डेटा पोहोचला म्हणजे स्थलांतर झाले, हा समज किती महाग पडतो ते ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पाहिले. लॉइड्स बँकेच्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर आलेला डेटा व्यवस्थित पोहोचला होता. कोलमडली ती प्रणाली. सुरळीत कारभार सुरू व्हायला डिसेंबर उजाडला, आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

जुने आणि नवे अशी दोन्ही यंत्रे समांतर चालवणे खर्चिक असते आणि वित्त विभाग पहिली कात्री तिथेच लावतो. तरीही आपल्याकडच्या बँकांनी आणि विमा कंपन्यांनी ३१ मार्चचा वार्षिक हिशेब निदान एकदा दोन्हीकडे काढावा, आणि तो पैशापैशाने जुळेपर्यंत जुन्या यंत्राची वीज तोडू नये.