भय, दक्षता आणि सेवा

संतशिरोमणी श्री नामदेव महाराजांचे जन्मस्थान असलेल्या, कयाधू नदीकाठच्या नरसी क्षेत्री परतवारीच्या एकादशीस भाविकांची दाटी होते. या दाटीतच भक्तीचा आनंद आहे. परंतु २०२० साली कोरोनाच्या महामारीमुळे याच दाटीचे भय वाटू लागले.

त्या वर्षी मार्च महिन्यात मंदिरे दर्शनासाठी बंद झाली. दि. १ जुलै २०२० च्या आषाढी एकादशीस पालख्या पायी निघाल्या नाहीत. संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी. बसने पंढरीस नेण्यात आल्या. वारी खंडित झाली, असे अनेकांस वाटले. वस्तुतः मार्ग बदलला, नेम टिकला.

मनुष्याच्या मनाची रीत अशी की, अपरिचित संकट त्यास पर्वताएवढे भासते आणि सवयीचे झाले की तेच तृणवत् वाटू लागते. २०२० च्या प्रारंभी महाराष्ट्रात रुग्ण थोडे होते, तरी अफवांनी मने व्याकूळ झाली. शहरातून परतलेल्या आप्तासही काही गावांनी वेशीवर अडविले. २०२१ च्या फेब्रुवारीपासून दुसरी लाट चढू लागली, तेव्हा मात्र पुष्कळांची मुखपट्टी हनुवटीवर उतरली होती. रोग थोडा असता भय मोठे आणि रोग वाढता सावधपण थोडे! यावरून, भय हे संकटाचे खरे माप नव्हे, हे ध्यानी येते.

मग माप कोणते? महाराजांची कथा सर्वश्रुत आहे. श्वानाने भाकरी पळविली, तेव्हा कोरडी भाकरी त्याने कशी खावी, या कळवळ्याने महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. भयग्रस्त मनुष्य ‘माझे काय होईल’ असे विचारतो. भक्त ‘याचे काय होईल’ असे विचारतो. लक्षणे नसलेल्या व्यक्तीकडूनही हा रोग दुसऱ्यास होऊ शकतो. म्हणून मुखपट्टी भयाने बांधली, तर समोरचा वैरी वाटतो. सेवाभावाने बांधली, तर त्याच्यातील विठ्ठलाचे रक्षण घडते. विलगीकरणातील शेजाऱ्याच्या दारी जेवणाचा डबा ठेवून दूर उभे राहणाऱ्याने अंतरही पाळले आणि धर्मही पाळला. याउलट, ‘देव तारील’ असे म्हणून खोकत गर्दीत शिरणे ही श्रद्धा नव्हे. त्याचे मोल एखाद्या वृद्ध वारकऱ्यास प्राणाने चुकवावे लागते.

दि. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेस, राज्यातील मंदिरे पुन्हा उघडली आणि २०२२ साली पायी वारीही पूर्ववत निघाली. तथापि, त्या काळाची शिकवण विसरता कामा नये. ताप वा खोकला असता भाविकांनी दर्शनाचा आग्रह धरू नये. गर्दीत शिरणे शक्य नसेल, तर कळसाचे दर्शन घेऊन समाधान मानण्याची परंपरा वारकरी संप्रदायात आहेच. दुसऱ्याच्या जिवाची काळजी वाहत घरी घेतलेले नामही पांडुरंगाच्या चरणी पोहोचते.

॥ राम कृष्ण हरी ॥