पाणी दिलं, टेंपर राहिलं

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यांत काम करणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून आज त्यांच्याच कामातलं उदाहरण घेऊ.

स्क्रू-बोल्ट घडवला, आटे पाडले, तरी तो मऊच असतो. जोरात आवळला की ताणला जातो. म्हणून त्याला भट्टीत साधारण 850 अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवतात. (बुडवायचं तेलात, तरी म्हणायचं पाणी दिलं!) झटक्यात गार झालेलं पोलाद इतकं कडक होतं की त्यावर कानससुद्धा नीट चालत नाही. नवशिक्याला वाटतं, झालं काम. पण असा बोल्ट हातोड्याच्या घावाने काचेसारखा तुटतो. नुसता ठेवून दिला, तर कोणी हात न लावताही त्याला तडा जाऊ शकतो. आतला ताणच त्याला फोडतो.

म्हणून जाणता कारागीर वेळ न दवडता तोच बोल्ट पुन्हा भट्टीत घालतो. या वेळी आच कमी, पण 8.8 किंवा 10.9 शिक्क्याच्या बोल्टला 425 अंशांच्या खाली नाही. आणि घाई तर अजिबात नाही. याला टेंपर करणं म्हणतात. थोडा कडकपणा जातो, चिवटपणा येतो. मग तो धक्के सोसतो.

आता आपलं बघा. सप्ताह झाला, उपवास झाले, पहाटे चारला उठणं जमलं. आणि त्याच दिवशी सून उशिरा उठली म्हणून आवाज चढला. नातू आरतीच्या वेळी मोबाईल बघत होता म्हणून दोन दिवस अबोला. अहो, साधना खोटी नाही, पण टेंपर राहिलं! काही घरांत यापायी मुलं देवघराकडे फिरकेनाशी झाली आहेत. मला हे एखादी माळ चुकण्यापेक्षा फार मोठं वाटतं.

कोणी म्हणेल, मग नियम ढिले करायचे का? नाही हो. 8.8 चा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन, म्हणजे सुमारे 80 किलोचा ताण घेतो, आणि तो टेंपर झाल्यावरच. तुमचं चारला उठणं तसंच राहू द्या.

या गुरुवारी पारायणाची समाप्ती आहे. प्रसाद घेऊन घरी गेलात की त्या दिवशी कोणाला काही शिकवू नका. सूनबाईंना जवळ बसवून विचारा, "बाळ, या सात दिवसांत तुझ्यावर कामाचा किती भार पडला?" आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.