कापसाचा बर्फ

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अकोल्या-अमरावतीच्या ख्रिस्ती घरांत गव्हाणी मांडायला घेतात. खाली तणस, त्यावर मातीची मेंढरे, मरिया आणि योसेफ, मागे कागदाचा डोंगर, आणि सगळे झाले की वरून पिंजून पसरलेला कापूस. हा कापूस म्हणजे बर्फ. वऱ्हाडात बर्फ पडत नाही. पडतात त्या गारा, आणि त्या पडल्या की संत्र्याचा बहार झडतो, हरभरा झोपतो आणि पंचनाम्याची वाट पाहणे सुरू होते. तरी नाताळ आला की आमच्या देव्हाऱ्यात, खिडकीत आणि शुभेच्छापत्रांवर बर्फ हवाच.

त्याच आठवड्यात तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडच्या शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी, बाया कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीतून तोच कापूस वेचत असतात. मजुरी किलोवर. जितके वजन तितके पैसे. बोंडाची टोके बोटांना ओरखडतात, थंडीत ते ओरखडे जास्त झोंबतात. आमच्या गव्हाणीवर जो हिवाळ्याचा विसावा म्हणून पसरतो, तो त्यांच्या वर्षातल्या सर्वांत धावपळीच्या दिवसांतून आलेला असतो.

हिवाळा हा देवाने दिलेला विसाव्याचा ऋतू आहे, त्याला विरोध करू नये, झाडांसारखे आपणही थांबावे, असे ख्रिस्ती मनन अलीकडे फार वाचायला मिळते. ते खोटे नाही. जिथे ते जन्मले तिथे अगदी खरे आहे. उत्तर युरोपात जमीन गोठते, नांगर चालत नाही, दिवस चार वाजता मावळतो. नाताळापासून ६ जानेवारीपर्यंतचे बारा दिवस तिथल्या शेतकऱ्याला खरोखरच मोकळे होते. इंग्लंडात त्या दिवसांनंतरच्या पहिल्या सोमवारी नांगराची मिरवणूक निघे आणि मग कामाला हात लागे. तिथला विसावा आधी मातीने दिला, मग मंडळीने त्यावर प्रार्थना रचली.

आमच्याकडे तो पेटीत भरून आला. अकोल्याला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स आले, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन मंडळी आली, दोन्ही अमेरिकेतून. गंमत अशी की या मिशनऱ्यांचा स्वतःचा हिवाळा इथे विसाव्याचा कधीच नव्हता. थंडीचे दिवस म्हणजे त्यांचे दौऱ्याचे दिवस: बैलगाडीवर तंबू लादायचा आणि गावोगाव फिरायचे. कलेक्टरही तेव्हाच दौऱ्यावर असे. विसावा ते उन्हाळ्यात घेत, थंड हवेच्या ठिकाणी. म्हणजे इथला हंगाम त्यांना कळला होता. कॅलेंडरवरचे चित्र तेवढे बदलले नाही. नारायण वामन टिळकांनी मराठी उपासनेला भजन दिले, कीर्तन दिले, अभंग दिला. बर्फ मात्र राहून गेला.

वऱ्हाडातला हिवाळा कसा असतो? दसरा-दिवाळीच्या सुमारास सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, करून वेचणी सुरू होते आणि उलंगवाडीपर्यंत, म्हणजे हंगाम उलगेपर्यंत, ती संपत नाही. मध्येच तूर सोंगायला येते. हरभऱ्याला पाणी द्यायचे असते, गहू असेल तर त्यालाही. शेतीची थ्री फेज लाईन कधी दिवसाची तर कधी रात्रीची. रात्रीची पाळी आली की ऐन थंडीत बारा-एकला उठून बारे फोडायला जावे लागते. रानडुकरे आणि रोही पिकात शिरतात म्हणून जागल करावी लागते. मचाणावर बसायचे, शेकोटी पेटवायची, मधूनमधून आरोळी द्यायची. शहरातून हुरडा खायला येणाऱ्यांना ही शेकोटी फार आवडते.

लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची पहिली बातमी कुणाला मिळाली? रानात राहून रात्री कळपाची राखण करणाऱ्या मेंढपाळांना. म्हणजे जागलीवर असलेल्यांना. गावात जे अंथरुणात होते त्यांच्याकडे देवदूत गेला नाही. नाताळाची मूळ गोष्टच झोप न मिळालेल्यांची आहे. बाळंतीण प्रवासात आहे, जागा मिळत नाही, आणि बाहेर माणसे जागी आहेत. तिच्यात तारीखही नाही आणि ऋतूही नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकात पाळला जात होता एवढे दिसते. थंडी त्या तारखेबरोबर आली.

पवित्र शास्त्रात हिवाळा शोधायला गेलो तर तो आपल्या पावसाळ्याच्या जवळचा निघतो. त्या देशात पाऊस थंडीत पडतो, त्यामुळे नांगरणी-पेरणीही तेव्हाच. आळशी माणूस थंडीचे निमित्त सांगून नांगरत नाही आणि मग हंगामात भीक मागतो, असे नीतिसूत्रांत एक बोचरे वचन आहे. मृग बरसला तरी औत न काढणाऱ्यांबद्दल आपल्याकडचे म्हातारे जे बोलतात तेच. गेझेर या ठिकाणी १९०८ साली एक लहानशी चुनखडीची पाटी सापडली. इसवी सनापूर्वीच्या दहाव्या शतकातली मानतात. तिच्यावर वर्षाचे महिने कामांनी मोजले आहेत: दोन महिने वेचणी-साठवणीचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, मग एक जवस उपटण्याचा, एक जव कापण्याचा, एक कापणी-मापणीचा, दोन द्राक्षवेलींचे, एक उन्हाळी फळांचा. बारा महिने भरतात आणि विसाव्याचा एकही महिना त्यात नाही.

म्हणून त्या लोकांना विसावा आज्ञेने द्यावा लागला. ऋतूने तो दिला असता तर शब्बाथाची गरज पडली नसती. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात त्या आज्ञेला एक पुरवणी जोडलेली आहे, तिच्याकडे आमच्या उपदेशांतून फारसे लक्ष जात नाही. सातव्या दिवशी थांबायचे, आणि तेही नांगरणीच्या व कापणीच्या दिवसांत. काम नसताना थांबणे यात आज्ञा कसली? पऱ्हाटी फुटून पांढरी झाली आहे, आभाळ भरून येत आहे, व्यापारी भाव सांगून गेला आहे, अशा दिवशी थांबण्याबद्दल ते बोलणे आहे. शेतकऱ्याच्या कानाला ते जवळजवळ वेडेपणाचे वाटते, आणि वाटायलाच हवे.

अनुवादाच्या पाचव्या अध्यायात तर कारणच बदलते. तिथे सृष्टी निर्माण करून देव सातव्या दिवशी थांबला हे कारण दिलेले नाही. तिथे सांगितले आहे की तू मिसरात गुलाम होतास हे आठव, आणि तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव, तुझ्या वेशीतला परका या सगळ्यांना तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. बैल! वऱ्हाडाला हे परके वाटू नये. आम्ही पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावतो, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. बैलाला वर्षातून एक दिवस तरी आम्ही तोंडाने आवतण देऊन विसावा देतो. वेचणाऱ्या बाईला आवतण कोण देते?

तिचा विसाव्याचा दिवस तिने स्वतःच ठरवलेला आहे: आठवडी बाजाराचा. त्या दिवशी मजुरी नाही, शेतमालकही बोलावत नाही, आठवड्याचे पैसे हातात पडतात आणि तेल-मीठ, पोरांची वही, कधी चार बांगड्या घेऊन ती संध्याकाळी घरी येते. वऱ्हाडातला खरा शब्बाथ हाच, असे मला वाटते, मग तो मंगळवारी येवो की शुक्रवारी. आमच्या खेड्यांतल्या पाळकांना रविवारी बाक रिकामे दिसतात याचे दुःख असते. वेचणीच्या दिवसांत ते रिकामेच राहणार. बाजाराच्या संध्याकाळी उपासना ठेवून पाहायला काय हरकत आहे, हे मी एकदा सुचवले होते. शास्त्रातून बरीच वचने ऐकून घ्यावी लागली.

तरी ‘थांब’ एवढे म्हणून भागत नाही. किलोवर मजुरी असेल तर थांबलेला दिवस म्हणजे बुडालेला दिवस. शास्त्राला हे ठाऊक आहे. रानात इस्राएली लोकांसाठी अन्न म्हणून मान्ना पडत होता तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट पडला आणि मग सातव्या दिवशी थांबायला सांगितले. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आज्ञा आहे, तिथे लोकांच्या तोंडचा प्रश्नही नोंदला आहे: मग त्या वर्षी आम्ही खायचे काय? उत्तरात आधीच्या, म्हणजे सहाव्या, वर्षी तीन वर्षांना पुरेल इतके पिकवण्याचे वचन आहे. आधी तरतूद, मग विसावा. नुसता उपदेश कुठेही नाही.

तरतुदीसह थांबणे आणि नुसते थांबणे यांतला फरक संत्र्याच्या बागेत फार स्पष्ट दिसतो. मोर्शी तालुक्यातले हिवरखेड हे दुसरे हिवरखेड, आणि तो सगळा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहार धरायचा असेल तर तिथे डिसेंबर-जानेवारीत बागेचे पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. थंडीने झाडाची वाढ तशीही थांबलेली असते. पाणी तोडले की पानांचा तजेला जातो, ती मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात. नवख्या माणसाला बाग मेली असे वाटते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात. मध्येच अवकाळी पाऊस आला तर ताण मोडतो आणि मग फूट येते ती नुसत्या पालवीची. ताण जास्त झाला तर फांद्या वाळून सल होते. किती द्यायचा हे बागाईतदार पानाकडे पाहून ठरवतो. मग एक दिवस हलके पाणी सोडतो, पुढचे पाणी थोडे जास्त, आणि काही दिवसांत सगळी बाग पांढऱ्या फुलांनी भरते. संध्याकाळी मोर्शी-वरूडच्या रस्त्याने जाताना तो वास गाडीत शिरतो.

चर्चच्या दिनदर्शिकेत नाताळाआधी जो आगमनकाळ येतो, तो मला या ताणासारखा समजतो. फार पूर्वी तो उपवासाचा काळ होता. आता खरेदीचा आहे. त्यातला विसावा सुखाचा नाही. त्यात तहान आहे, मलूल होणे आहे, बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटणे आहे. शेकोटी, गरम पेय आणि पांघरूण हे विसाव्याचे चित्र मला म्हणूनच अपुरे वाटते.

पण ताण देण्याला एक अट असते. तो मोडायच्या दिवशी विहिरीत पाणी असले पाहिजे. वरूड-मोर्शीकडे भूजलाचा उपसा इतका झाला आहे की पुष्कळ विहिरी आणि बोअर वेळेला दगा देतात. झाड दोन्ही वेळा तहानलेलेच दिसते, पण एकदा मालकाने पाणी तोडलेले असते आणि एकदा पाणी मिळालेलेच नसते. पहिल्याला ताण म्हणतात. दुसरा दुष्काळ. काम न मिळालेल्या मजुराला ‘बरे झाले, विसावा मिळाला’ असे कुणी म्हटले तर तो काय म्हणेल? खाटेवर पडून राहणाऱ्या म्हाताऱ्याचे, नोकरी गेलेल्याचे, उसनवारीवर दिवस काढणाऱ्याचे थांबणे हे शब्बाथाचे थांबणे नव्हे. हिवाळ्यातल्या विसाव्यावर लिहिणारे चांगले लोकही या दोन गोष्टींची गल्लत करतात.

उलटही होते. विसावा द्यायचाच नाही असे ठरवले तर जमीन तो वसूल करते. कापसाचा हंगाम संपल्यावर पऱ्हाटी उपटून शेत मोकळे करावे, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पाणी असेल तर शेतकरी फरदड घेतो: खतपाणी देऊन तीच पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत ताणतो, आणखी एक-दोन वेचे मिळावेत म्हणून. गुलाबी बोंडअळीला हेच हवे असते. थंडीत खुद्द ती अळीही सुप्तावस्थेत जाते, बोंडात, सरकीत, पऱ्हाटीच्या अवशेषांत. शेत काही महिने रिकामे राहिले तर तिची साखळी तुटते. फरदडीने ती तुटत नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीने काय केले ते वऱ्हाडातल्या कापूसवाल्याला सांगावे लागत नाही. लेवीयाच्या सव्विसाव्या अध्यायात एक भीषण हिशेब आहे: तुम्ही जमिनीचे शब्बाथ चुकवलेत, तर तुम्ही हद्दपार व्हाल आणि जमीन आपले बाकी राहिलेले विसावे भोगून घेईल. फरदड घेणाऱ्यावर मी हा हिशेब लादणार नाही. त्याच्या डोक्यावर बँक आहे, सावकार आहे, पोरीचे लग्न आहे. सहाव्या वर्षी त्याच्या शेतात तिप्पट पिकलेले नाही. तो लोभाने फरदड घेतो असे म्हणणाऱ्याने आधी त्याचे कर्जखाते पाहावे.

जो उरतो तो आम्हा पगारदार ख्रिस्ती लोकांचा प्रश्न. अकोल्या-अमरावतीच्या मंडळ्यांत आता बहुतेक शिक्षक, परिचारिका, कारकून आणि निवृत्त माणसे आहेत. विहिरीत पाणी असलेली माणसे. आमच्याकडे नाताळाच्या दिवशी पाहुणे येतात, करंज्या-चकल्यांची ताटे या घरातून त्या घरात जातात, मटण शिजते, आणि दुपारी मोरीत भांड्यांचा डोंगर होतो. त्या दिवशी कामवाल्या बाईला आम्ही आदल्या रात्री बजावून ठेवतो की उद्या मात्र लवकर ये, चुकू नको. तिला फराळाचा पुडा आणि एखादी साडी देतो, आणि आपण फार चांगले वागलो असे आम्हाला वाटते. अनुवादातली दासी ही तीच. तिला २५ आणि २६ डिसेंबरची पगारी सुट्टी द्यावी, ती वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावी, आणि भांडी आलेल्या पाहुण्यांसकट आपण घासावीत, असे मी घरात म्हटले. बायकोने लगेच होकार दिला आणि विचारले, मटणाचे मोठे पातेले कोण घासणार?