अटींवर लक्ष हवं

खुनाच्या आरोपीला जामीन झाला, अशी बातमी आली की 'सुटला!' असं म्हणून आपण मोकळे होतो. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना तो आरोपी बाजारात समोर दिसणं किती जाळणारं असेल, हे सांगायला नको. त्या दुःखाचा मान ठेवूनच मी म्हणतो की जामीन देणारं न्यायालय आरोपीला निर्दोष ठरवत नसतं. खटला चालेपर्यंत या माणसाला आत ठेवण्याची गरज आहे का, एवढंच ते पाहत असतं.

ती गरज तपासून का पाहायची, हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खटल्यातून कळतं. त्यांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला. पाच आरोपींवर दोषारोप निश्चित व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडला आणि निकाल लागला १० मे २०२४ रोजी. दोघांना जन्मठेप झाली, तिघे पुराव्याअभावी सुटले. सुटलेल्यांपैकी दोघे आधीपासून जामिनावर बाहेर होते. तिसऱ्याला २०१६ मध्ये अटक झाली होती. त्या निकालाबद्दल कुणाचं काहीही मत असो, खटला असा रेंगाळतो तेव्हा कच्च्या कैद्याची कोठडी हीच शिक्षा होऊन बसते, आणि दाभोलकरांच्या कुटुंबालाही न्यायासाठी जवळजवळ अकरा वर्षं थांबावं लागतं.

म्हणून खरा प्रश्न अटींचा आहे. गुरचरण सिंह खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनाचे निकष सांगितले, तेव्हा गुन्ह्याचं गांभीर्य, पळून जाण्याची आणि पुराव्याला हात लावण्याची शक्यता यांच्याबरोबर पीडित व साक्षीदारांच्या तुलनेत आरोपीचं वजन किती, हेही पाहायला सांगितलं. ही शेवटची कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते.

उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत ३ ऑक्टोबर २०२१ रोजी शेतकरी आंदोलनावेळी झालेल्या हिंसाचारात आठ जणांचा जीव गेला. मुख्य आरोपी तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्र्यांचा मुलगा. उच्च न्यायालयाने त्याला दिलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये रद्द केला. मृतांच्या नातेवाइकांचं म्हणणं नीट ऐकलंच गेलं नव्हतं, हे त्याचं एक मोठं कारण. जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम जामीन मिळाला, तो उत्तर प्रदेश सोडून जाण्याच्या आणि दिल्लीतही न राहण्याच्या अटीवर. ज्या मुलखात दबाव पडू शकतो, तिथून आरोपीला दूर ठेवलं.

याउलट पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. मुलांसाठीचा कायदा वेगळा आहे आणि त्यात जामिनाकडेच कल आहे, हे मान्य. पण निबंधाने कोणता धोका टळणार होता? पुढे त्याच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. धोका होता तो पुराव्याला.

आणि गरिबाला घातलेली अट वेगळ्याच तऱ्हेने फसते. मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याची हमी नाकारली गेली. १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर कठोर ताशेरे ओढले. तरी ऐपतदार जामीनदार न मिळाल्यामुळे जामीन होऊनही आत राहिलेली माणसं आजही आपल्या तुरुंगांत आहेत.

अट कडक असण्यापेक्षा नेमकी असायला हवी, आणि तिच्यावर कुणाचं तरी लक्ष हवं. पोलीस ठाण्याच्या वहीत हजेरीची सही झाली, पण साक्षीदाराच्या दारात रात्री कोण येऊन गेलं याची चौकशी कुणी केलीच नाही, तर त्या सहीला काय अर्थ? साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. ती जिल्ह्याच्या न्यायालयात येणाऱ्या साध्या साक्षीदारापर्यंत पोचली पाहिजे. अट मोडली तर जामीन रद्द करण्याचा अर्ज सरकारी वकिलाने स्वतःहून केला पाहिजे. तो भार मृताच्या आईवर किंवा विधवेवर पडू नये.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. जामिनाची बातमी वाचाल, तेव्हा अटी कोणत्या घातल्या, मृताच्या घरच्यांचं ऐकून घेतलं का आणि खटला कधी उभा राहणार, हे तीन प्रश्न जरूर विचारा. आपला राग तिथे लागला, तरच त्याचा न्यायाला उपयोग होईल.